टोकाच्या घराचं पाणी

पाण्यालाही वय असतं, हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नाही. नोकरी लागल्यावर कळलं. टाकीतून निघालेलं पाणी नळाला पोचायला जितके तास घेतं, तितकं त्याचं वय. ताज्या पाण्यात क्लोरीन भरपूर असतं. मग पाइपच्या आतला गंज, साचलेला गाळ, सांध्यातून शिरलेली घाण, सगळे त्यातलं थोडं थोडं खात जातात, आणि टोकाच्या घरी पोचेस्तोवर पाण्याजवळ जंतू मारायला काही उरत नाही. गावातल्या पाइपांचं जाळं कॉम्प्युटरवर उभं करायचं आणि कोणत्या नळाला किती क्लोरीन उरेल ते सांगायचं, हे माझं काम. माझा भाऊ लोकांना सांगताना "ती पाण्याचं काहीतरी करते" एवढ्यावर आटोपतं घेतो. त्यात त्याचं फारसं चुकत नाही.

घर अमरावतीला, काम अकोल्याला, असं करत माझी बरीच वर्षं गेली. अकोल्यात एक वरची खोली भाड्याने घेतली आहे. खोलीत एक पलंग, एक टेबल, एक कूलर आणि एका माणसापुरता कुकर. शनिवारी मूर्तिजापूरवरून जाणारी एसटी धरते आणि अमरावतीला जाते. तिथे माझ्या कपाटात आता भाचीची पुस्तकं असतात. वहिनी चांगली आहे, पाहुणीसारखं माझं सगळं करते, आणि नेमकं तेच मला टोचतं. ऑफिसातले बाकीचे लोक पुण्याला. त्यांची माझी भेट कॉम्प्युटरवर, तीही सगळ्यांचे कॅमेरे बंद. कितीतरी दिवस असे गेले आहेत की दिवसभरात मी मोठ्याने बोललेलं एकच वाक्य "आवाज येतोय का?" हे होतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. चोविसाव्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी मोर्शीकडे संत्र्याच्या बागा असलेल्या एका घरात गेले. त्या वर्षी थंडी सरताना फुललेला त्यांच्या बागेचा आंबिया बहार फळं धरल्यावर गळला. फळगळ कशाने होते याची माहितीपत्रकं घरातच फडताळात पडली होती, पण सासूबाईंनी निदान केलं ते माझ्या पायगुणाचं. दुसऱ्या वर्षीही बहार गळला, तेव्हा कुणी काही बोललं नाही. सगळ्यांनी नुसतं माझ्या पायांकडे पाहिलं. तीन वर्षांनी मी परत आले. कारणं इतरही होती, पण लक्षात राहिलं ते हेच. तेव्हापासून पायगुण हा शब्द कुणी काढला की माझं डोकं फिरतं.

तर काम असं होतं. अकोल्याच्या पलीकडे खारपाणपट्ट्यात एक लहानसं गाव आहे. नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांनी माझं काही वाईट केलेलं नाही. त्या भागात विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, त्याचा चहा करायला जावं तर दूध फाटतं. त्यामुळे लोकांचा सगळा जीव नळात. आणि नळ येणार पाचव्या दिवशी, सकाळी दोन तास. तिथे लग्नाची तारीखसुद्धा नळाचा दिवस पाहून काढतात.

मला एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं. उंच टाकीत घातलेलं क्लोरीन शेवटच्या गल्लीतल्या शेवटच्या घरापर्यंत टिकतं का? टिकत असेल तर आहे ते ठीक. टिकत नसेल तर पाणी सोडायची पद्धत बदलायची, मध्ये आणखी एका ठिकाणी क्लोरीन द्यायची सोय करायची. माझ्या मॉडेलमध्ये ते घर म्हणजे एका रेघेच्या टोकाचा ठिपका होता. त्या ठिपक्याचं पाणी पिऊन कुणी आजारी पडणार की नाही, हे माझ्या सहीवर होतं.

गावात पाणी सोडणारा वॉलमन हा तिथला माझा पहिला ओळखीचा माणूस. पन्नाशीचा, घरची काळी जमीन कसणारा, आणि नळाच्या दिवशी सायकलला लांब लोखंडी चावी बांधून गावभर फिरणारा. जमिनीखालचा प्रत्येक व्हॉल्व्ह त्याला पाठ होता, नकाशात नसलेलेसुद्धा. पहिल्याच दिवशी त्याने मला सांगून टाकलं, "नकाशा राहू द्या तुमच्यापाशी मॅडम. काही लागलं त मले इचारा."

मी जायच्या आदल्या दिवशी त्याला फोन करायचे. न सांगता कुणाच्या कामावर जाऊन उभं राहणं मला जमत नाही. सासरी मी काही करत असले की मागे असं कुणी ना कुणी येऊन उभं असायचं, त्यामुळे असेल. तो म्हणायचा, "या ना मॅडम, आमी वाट पाहून राहिलो." कुणीतरी वाट पाहून राहिलं आहे, हे कानावर पडावं म्हणून मी कधी कधी काम नसतानाही तो फोन जरा लांबवायचे.

शेवटचं घर एका चाचांचं होतं. सत्तरीचे, किडकिडीत, पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे. चाची जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी अंजनगाव सुर्जीला दिलेली. पुढच्या खोलीत फळीवर सात-आठ रेडिओ होते, दुरुस्त झालेले, पण मालक परत न्यायला आलेच नाहीत असे. "आता कोन येते घ्याले," असं म्हणायचे आणि तरी दर जुम्म्याला त्यांच्यावरची धूळ पुसायचे.

नळ सुरू झाला की थोडं पाणी वाहू देऊन मी त्यांच्या ओट्याजवळच्या तोटीखाली काचेची नळी धरायचे आणि तीत औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर त्यात क्लोरीन आहे. जितकं गडद तितकं जास्त. चाचांना त्या पिवळ्या रंगाचं कोण कौतुक! चष्मा कपाळावर चढवून नळी उजेडात धरायचे आणि विचारायचे, "पास?" मी म्हणायचे, "पास." मग चहा. तो चहा मी मुद्दाम हळू प्यायचे, कारण ऑफिसच्या गाडीत बसलं की पुन्हा खोली, टेबल आणि बंद कॅमेरे.

त्यांच्या मोरीजवळ दोन माठ होते. एकाच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं. मी दर दुसऱ्या नळाला जायचे, म्हणजे दहा दिवसांनी. मी असले की त्या दिवशीचं पाणी फडक्याच्या माठात. मी नसले की दुसऱ्यात. प्यायचं ते फडक्याच्या माठातलं, आणि तो संपला की मग नाइलाजाने दुसऱ्यातलं.

"तू येते त्या दिशी पानी लय साफ येते, बेटा," त्यांनी तिसऱ्या की चौथ्या फेरीला सांगितलं. "जोर बी असते. तुह्या पायात बरकत हाय."

आता मी इंजिनिअर आहे. मी असताना पाणी वेगळं आणि नसताना वेगळं, असं समोरचा माणूस सांगतो आहे, दोन माठ मांडून दाखवतो आहे. मी त्याच क्षणी उठून दुसऱ्या माठातलं पाणी नळीत घ्यायला हवं होतं. त्याऐवजी माझे डोळे भरून आले. माझ्या पायांबद्दल जन्मात पहिल्यांदा कुणी चांगलं बोललं होतं. पायगुण या शब्दावर लोकांशी भांडणारी मी, परतीच्या गाडीत चपला काढून स्वतःच्या पावलांकडे बघत बसले होते. हे लिहितानाही लाज वाटते.

सहा फेऱ्यांत आकडे जुळले. मॉडेल म्हणे टोकाला इतकं क्लोरीन, आणि नळीही म्हणे तितकंच. पुण्याच्या लोकांनी त्या दिवशी चक्क कॅमेरे सुरू केले, कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मी अहवालात त्या ठिपक्यासमोर लिहिलं: पाणी योग्य, पुढील भेटीची गरज नाही. चाचांना सांगायला गेले नाही. त्यांचा नंबर माझ्याजवळ होता, माझा त्यांच्याजवळ होता. पण "चाचा, आता मी येणार नाही" हे सांगायला फोन कसा करतात ते मला ठाऊक नव्हतं. उद्या करू, परवा करू, असं करत मी तो केलाच नाही.

पुढचा सव्वा महिना अमरावतीहूनच काम केलं. भाचीची परीक्षा होती, तिला गणिताला कुणीतरी हवं होतं, आणि मलाही कुणाला तरी हवं असण्याची हौस होती. तिने मात्र आठवड्यात शिकवणी लावून घेतली. मी आपली पुढच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसायचे आणि वहिनी दर दोन तासांनी "काही हवं का" विचारून जायची.

अशाच एका दुपारी वॉलमनचा फोन आला. त्याने स्वतःहून केलेला पहिला.

"मॅडम, थे टोकाचे चाचा दवाखान्यात हायेत. कावीळ झाली. पोरगी आली अन् अकोल्याले घेऊन गेली. गल्लीत अजून दोघंतिघं हायेत, पन त्यायचं लय वाढलं."

मी विचारलं, "पाणी कसं येतंय तिथे?"

"पानी... येते ना मॅडम. येते तसं येते."

पुढच्या नळाला मी त्याला फोन केला नाही. गाडीही घेतली नाही. एसटीने उतरले, तोंडाला ओढणी गुंडाळली आणि पायी निघाले. वऱ्हाडच्या उन्हात प्रत्येक बाई तशीच दिसते, त्यामुळे कुणी ओळखायचा प्रश्न नव्हता. गल्लीत शिरले तेव्हा नळाची वेळ होत आली होती. दारादारांत ड्रम आणि पितळी गुंड लावलेले. मग कुठेतरी पाइपात हवा खाकरली आणि एकामागून एक घरातून भुणभुण सुरू झाली.

टिल्लू मोटारी. नळालाच जोडून पाणी ओढायच्या त्या लहान मोटारी. लावायला मनाई, आणि सापडली तर जप्त. दोन महिने मी त्या गल्लीत येत होते आणि मला एकही दिसली नव्हती. त्या दिवशी मोजायला लागले आणि मध्येच मोजणं सोडून दिलं.

चाचांच्या दाराला कुलूप होतं. ओट्याजवळची तोटी मी उघडली. आधी नुसती हवा आली. मग करंगळीएवढ्या धारेने लालसर पाणी, दहा-पंधरा मिनिटं. नळीत घेतलं, थेंब टाकले. रंग बदलला नाही. पुन्हा घेतलं, पुन्हा टाकले. पाणी जसंच्या तसं. मग धार थांबली. मी तोटीच्या तोंडाला बोट लावलं, तर ते आत ओढलं जात होतं.

तिथे उभ्याउभ्याच मला सगळं समजलं. वरच्या घरांच्या मोटारी पाइप ओढून रिकामा करत होत्या, आणि टोकाचा पाइप गेला होता सांडपाण्याच्या नालीतून. पाइपात पाणी नसलं की मोटार मिळेल ते ओढते; कुठे सांधा ढिला असेल तर नालीतलंसुद्धा. ते पाच दिवस पाइपात बसून राहतं. पुढच्या नळाला, मोटारी जोर धरायच्या आधी, सगळ्यात पहिलं तेच पाणी टोकाच्या घरी जातं. मी असले की जोराच्या धारेने ते आधीच वाहून जायचं; चाचांना मी नसलेल्या दिवशी मिळायचं ते एवढंच आणि हेच. मी येत होते तोवर ते अर्धे दिवस तरी बरं पाणी पीत होते. मी यायची थांबले आणि फडक्याचा माठ कोरडा पडला.

वॉलमन सायकलवरून आला. मला पाहून त्याचा पाय पेडलवरून घसरला.

"मॅडम... फोन नाही केला?"

"मी येणार असले की मोटारी कुठे जातात, भाऊ?"

त्याने सायकल भिंतीला लावली. सरळ विचारल्यावर खोटं बोलणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "तुमचा फोन आला का मी गल्लीत सांगून देत होतो, मोटारी काढून ठेवा म्हनून. जप्त झाल्या असत्या त भांडनं झाली असती. तुमचंबी काम झटपट होत होतं. काय वाईट केलं म्या?"

मी त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं, माझा आवाज तसा गल्लीभर जातो. मग ते मिटून नळी पिशवीत ठेवली. त्याने आपल्या माणसांना सांभाळलं होतं. फोन तर मीच करत होते, आणि तोही सभ्यपणा म्हणून.

संध्याकाळी दवाखान्यात गेले. चाचा खिडकीजवळच्या पलंगावर होते, आधीच किडकिडीत, आता तर चादरीखाली कुणी आहे की नाही कळू नये इतके. मुलीने उठून मला स्टूल दिलं. चाचांनी डोळे उघडले. हळदीसारखे पिवळे डोळे. मला ओळखलं, एका बोटाने खालची पापणी ओढून दाखवली आणि म्हणाले, "पास?"

मला हसता आलं नाही. मी त्या परक्या बाईसमोर, त्यांच्या मुलीसमोर, तोंड ओढणीत घालून रडले.

बऱ्याच वेळाने विचारलं, "चाचा, तुम्हाला मोटारींचं माहीत होतं?"

"मालूम होतं."

"मंग सांगितलं काहून नाही?" माझ्या तोंडून घरची बोली निघाली.

"सांगतलं ना, बेटा. दोन माठ दाखवले तुले. नाव कोनाचं घेऊ? मोहल्ल्यात राहाचं हाय मले. अडीनडीले तेच लोकं धावून येतात." दम लागला म्हणून ते थांबले. "मले वाटलं, एवढी शिकेल पोरगी हाय, समजून घेईन."

एवढं सरळ होतं. एक म्हातारा माणूस दर दहा दिवसांनी, शेजाऱ्यांचं नाव न घेता, माझ्याकडे तक्रार नोंदवत होता, आणि मी ती लाड म्हणून ऐकत होते. मला राहवलं नाही. "आणि माझ्या पायातली बरकत?"

ते हसले, पण खोकल्याने हसू अर्धंच राहिलं. "बरकत तुह्या गाडीची होती. लांबून दिसली का उरल्यासुरल्या मोटारीबी निंघत होत्या."

त्यांना ते गमतीचं वाटलं. मला मोर्शीच्या त्या घरात सगळ्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं होतं, तेव्हाइतकंच ते लागलं. आजाऱ्याच्या उशाशी बसून स्वतःच्याच दुःखाला कुरवाळत बसले म्हणून स्वतःचा रागही आला.

"मला फोन का नाही केलात मधे?"

"दोन नळ वाट पाह्यली. मंग समजलो, काम झालं तुहं."

दुसऱ्या दिवशी मी अहवाल मागे घेतला. पुण्याच्या लोकांना सांगितलं की माझे सगळे आकडे बाद करा; ते गावाच्या पाण्याचे नाहीत, मी उभी असतानाच्या पाण्याचे आहेत. मग कुणीतरी विचारलं, "आवाज येतोय का?" मी म्हटलं, येतोय, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

त्यानंतर न सांगता, पायी, तोंड झाकून चार नळ पाहिले. मॉडेलमध्ये मोटारी घातल्या, रिकामा पाइप घातला, पाइपात पाच दिवस बसलेलं पाणी घातलं. मग कुठे टोकाच्या ठिपक्याचा आकडा खरा झाला, म्हणजे शून्य झाला. उपाय मला सुचला असं सांगायला आवडलं असतं, पण तो वॉलमनला सुचला. "टोकाले येगळा पाइप द्या मॅडम, अन् त्यायले पयले सोडू. वरच्यायले मंग. पयल्यांदा जोरात भेटलं त मोटार कोन लावते?" मी ते मॉडेलमध्ये घालून पाहिलं. त्याचं बरोबर होतं. नवा पाइप नालीच्या वरून न्यायचा आणि त्याच्या व्हॉल्व्हपाशी क्लोरीन द्यायचं, एवढी भर मी घातली. मंजुरी, खोदकाम, सगळ्याला महिने लागले. तोवर चाचा मुलीकडे अंजनगावला राहिले, आणि बरे होऊन, तिच्याशी भांडून, आपल्या रेडिओंकडे परत आले.

मी त्यांना नळी आणि थेंबांची बाटली देऊन ठेवली होती. नव्या पाइपने पहिला नळ यायचा होता त्या दिवशी मला तिथे जायचं होतं. फार जायचं होतं. पण मी गेले असते तर परीक्षा खरी झाली नसती. तिथे मी नसणं हीच त्या परीक्षेची अट होती. म्हणून सकाळपासून अकोल्याच्या खोलीत टेबलावर फोन ठेवून बसले.

साडेआठला फोन वाजला.

"पिवळं झालं, बेटा! चांगलं गडद. पास?"

"पास, चाचा. दोन्ही माठ भरले?"

"दोन कायले पायजेत आता? एकच ठेवला." मागे पाणी पडल्याचा आवाज येत होता, चांगला जोराचा. मग ते अगदी खुशीत, मला आनंद व्हावा म्हणून म्हणाले, "पाह्य, तू नाही आली तरी आलं पानी!"

मी म्हटलं, "हेच तर पाहिजे होतं, चाचा." खरंच हेच पाहिजे होतं. इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल याहून चांगलं कुणी काही बोललेलं नाही.

फोन ठेवला. अहवाल उघडला आणि त्या ठिपक्यासमोर पुन्हा तेच वाक्य लिहिलं: पाणी योग्य, पुढील भेटीची गरज नाही. या वेळी ते खरं होतं. मग एका माणसापुरता कुकर लावला आणि तीन शिट्ट्या होईस्तोवर रडून घेतलं.